हात लावायचा राहिला

गौतम, खड्डा अजून उघडाच आहे.

तुला वाटलं असेल, अक्का तोंडाची फटकळ, बोलली तशी करणार, दुसऱ्या दिवशी गवंडी आणून बुजवून टाकणार. नाही बुजवला. स्वयंपाकघरात मधोमध दोन फरश्या निघालेल्या, खाली माती, मातीत तुझा पाईप, आणि वर मी एक फळी टाकून ठेवलेली. स्वयंपाकाची सरूबाई त्या फळीवर पाय देत नाही. पोळ्या लाटायला बसते तर तोंड फळीकडं करून बसते, पाठ करत नाही. मी एकदा चिडून विचारलं, "का गं, भूत बसलंय का तिथं?" ती लाटणं न थांबवता म्हणाली, "भूत न्हाई अक्का. मानूस हाय." मग मी कांदे चिरायला घेतले.

तू गेल्यावर जो येतो तो म्हणतो, चांगला माणूस होता. मला त्याचा रागच येतो. चांगला कसला? हट्टी होतास. रुसायचास. स्वतःच्या कामाची अशी टिमकी वाजवायचास की ऐकणाऱ्याचे कान किटावेत. "अक्का, लातुरात माज्यासारका सांधा करणारा दाखवा, मी पाना खाली ठिवतो," हे तर मला पाठ झालं होतं. पण ही मेस आणि वरचं पोरींचं होस्टेल मी चालवायला घेतलं तेव्हापासून नळासाठी दुसऱ्या कुणाला फोन करायची वेळ तू माझ्यावर आणली नाहीस. आता आणलीस. त्याचं मी काय करू ते सांग.

दरवर्षी नांदेडकडच्या पोरी क्लासला येतात, आल्या आल्या नळ सोडून बघतात आणि मग माझ्या तोंडाकडं बघतात. त्यांना मी पहिल्या दिवशी बसवून सांगते, की बायांनो, हे लातूर आहे. इथं नळाला रोज पाणी येत नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा येतं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. आलं की आधी हौद भरायचा, मग मोटारीनं वरची टाकी. अंगणातला नळ आपण बंदच करत नाही, कारण पाण्याच्या आधी त्यातून वारा येतो, नळ फुरफुरतो, आणि ते ऐकून घर जागं होतं. तू शेजारी पान्याशी खेळत बसलेला असलास की मध्येच तोंड घालायचास. "नांदेडला गोदावरी हाय ना. तिथला प्लंबर सांधा करतो, नळ सोडतो, बघतो आन् घरी जातो. हितं आमी सांधा करायचा कोरडा, आन् आठ दिस झोप घालवायची." पोरी हसायच्या. मीही हसायचे. पण ते खरंच होतं. लातुरात पाईप जोडणाऱ्याचं काम बरोबर झालं का नाही, हे त्याच्या देखत कधीच कळत नाही. पाणी येईल तेव्हा तो कुठल्या कुठं असतो.

तुझ्याआधी माझ्याकडं जे येऊन गेले ते तुला माहीत आहेत, तूच त्यांना नावं ठेवायचास. एकाला फोन केला की "आलोच अक्का, रस्त्यातच हाय," आणि संध्याकाळी केला तरी तो रस्त्यातच. दुसऱ्यानं एका गळक्या नळासाठी मोरीची भिंत फोडली, सामान आणतो म्हणून गेला, तो भिंत तशीच आ वासलेली ठेवून गेला तो गेलाच. तिसऱ्यानं काम नीटनेटकं केलं, हात धुतले, गोड बोलून गेला. पाणी आलं त्या दिवशी भिंतीतून झरा, आणि त्याचा फोन बंद. मी भांडी लावत बसले. चांगला प्लंबर कसा ओळखायचा, असं कुणी मला तेव्हा विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाबा, असा माणूसच नसतो.

मग एका पाण्याच्या दिवशी मी शेजारी बिरादार वहिनींकडं गेले होते, त्यांच्याकडं धार किती जोरात आहे ते बघायला. तू आलास. कुणी बोलावलं नव्हतं. दारात चपला काढल्यास, कुणाकडं न बघता सरळ न्हाणीत गेलास आणि आठवड्यापूर्वी केलेल्या सांध्याला डावा हात लावून उभा राहिलास. पंजा सगळा पाईपाभोवती, डोळे मिटलेले. मला वाटलं, ह्याला चक्कर आली की काय. मग हात काढलास, तळवा उजेडात धरून बघितलास, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यालास आणि निघालास. वहिनींनी विचारलं, "काही राहिलं होतं का रे?"

"हात लावायचा राहिला हुता," म्हणालास.

तुझा नंबर मी तिथंच, न्हाणीच्या दारात उभी राहून घेतला. माझ्या फोनमध्ये तू तेव्हापासून 'गौतम नळ' आहेस. अजून आहेस.

ते ओंजळीचं मला नंतर कळलं. कोरड्या दिवसांत तू कुणाच्याच घरचं पाणी प्यायचा नाहीस. घरून बाटली आणायचास. मी भांडले होते त्यावरून, "आमच्या पाण्याला काय किडे पडलेत का?" तर म्हणालास, रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तुझी आई एकेका घागरीसाठी उन्हात उभी राहायची, आणि तिनं तुला शपथ घातली होती, की दुसऱ्याच्या हौदातलं कोरड्या दिवसाचं पाणी प्यायचं नाही, ते मोजकं असतं. मी म्हटलं, "आणि चहा ढोसतोस तो? त्यात पाणी नसतं?" तू जराही न चाचरता म्हणालास, "च्या उकळल्याला असतो अक्का. त्यो धरत न्हाईत." ह्या एका गोष्टीवरून आपण वर्षानुवर्षं हसलो. पण पाण्याच्या दिवशी तुझी फटफटी दारात थांबली आणि तू आत येऊन सांध्याला हात लावून ओंजळभर प्यालास की मला वाटायचं, झालं, आता हे काम झालं. त्याच्याआधी तूही ते झालं म्हणायचा नाहीस.

चुका तू कमी केल्यास असंही नाही. वरच्या मजल्यावर गिझर बसवलेस तेव्हा सगळ्या मोऱ्यांत गरम पाणी उजवीकडं आणि गार डावीकडं. सगळ्या जगात उलट असतं. पहिल्याच दिवशी किनवटची एक पोरगी भाजली म्हणून बोंबलत बाहेर आली, बाकीच्या गार पाण्यानं कुडकुडत. मी तुला बोलावून घेतलं आणि पोरींसमोर झापलं. तू नळाकडं बघितलंस, स्वतःच्या हाताकडं बघितलंस, आणि तेव्हा तुझ्या लक्षात आलं की तू डावरा, तुझ्या हाताला जे सोपं ते तू केलंस. पण कबूल करशील तर तू कसला. "गरम पानी उजव्या हातानंच घ्यावं अक्का, शुभ असतंय," म्हणालास. पोरी इतक्या हसल्या की माझा राग गेला. ते नळ मी बदलून घेतले नाहीत. गच्चीवरचा कॉक उलटा फिरतो, मोटारीचा व्हॉल्व्ह उलटा, सगळं तुझ्या डाव्या हाताच्या सोयीनं. आता वरच्या मोरीत कुणी नवी पोरगी ओरडली की माझ्या काळजात धस्स होतं. तू गेलास, आणि घर अजून तुझ्याच हाताप्रमाणं वागतं आहे.

आणि ती सुतळी. जग टेपवर गेलं, पांढरी पातळ टेप दोन वेढे मारली की काम संपलं. तू मात्र पाईपाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळायचास आणि वरून सफेदा थापायचास. सफेदा म्हणजे तो पांढरा लपका, बोटांना लागला की दोन दिवस जात नाही, आणि तू तो माझ्या पडद्याला पुसायचास. मी म्हणायचे, अरे जुनाट माणसा, टेप लाव की. तू म्हणायचास, "टेप मुकी असती अक्का. सुतळी पानी पिती. पैल्या पान्याला जरा पाझरती, मग पिती, फुगती, आन् बसती. तेवढी कळ काडाया पायजे." मला वाटायचं, सांधा गळाला तर आधीच सबब तयार ठेवतोय. तुला तसं बोललेही होते.

मे महिना सरत आला तेव्हा स्वयंपाकघरातली फरशी ओली राहायला लागली. रस्त्यावरून हौदाकडं जाणारी लाईन तिथूनच खालून जाते. तू आलास, पान्याच्या मागच्या टोकानं फरशी ठोकत ठोकत गेलास. टक, टक, टक, आणि मग एका ठिकाणी भद्द. "हितं," म्हणालास. दोन फरश्या उचलल्यास. पाईप खालून गंजून चाळणी झाला होता. सडलेला तुकडा कापलास, नवीन घातलास, सुतळी, सफेदा, पाना. दुपारपर्यंत झालं. आणि मग नेहमीचं भांडण काढलंस. हे तुझं माझ्याशी किती वर्षांचं भांडण होतं. सांध्यावरची फरशी कायमची मोकळी ठेवायची, सिमेंट लावायचं नाही, झाकणासारखी नुसती ठेवायची. म्हणजे दर पाण्याला उचलून हात लावता येतो.

मी म्हटलं, "हे माझं स्वयंपाकघर आहे, तुझं वर्कशॉप नाही. ती फरशी हलणार, वाजणार, पोरी ठेचकाळणार. उद्या गवंडी आणते आणि पक्की करून टाकते."

"निदान पानी तर येऊ द्या."

"पाणी कधी येईल ते काय तुझ्या हातात आहे? पोरींची ॲडमिशन सुरू व्हायची वेळ आली. मला खड्डा दाखवायचाय का पालकांना?"

"मग बुजवा. गळलं तर मला फोन करू नका."

"नाही करत जा. तुझ्यासारखे छप्पन मिळतील लातुरात."

"मिळतेल की," म्हणालास आणि पिशवी उचललीस. चहा गॅसवर होता. तो न घेता गेलास. चहा सोडून गेलास म्हणजे तू खरंच रागावला होतास, हे मला कळलं, पण मीही काही कमी नाही, मी हाक मारली नाही. दारात फटफटी सुरू झाली. मग ती बंद झाली. तू फाटकातूनच ओरडून म्हणालास, "बुजवू नका अक्का. पानी आलं की येतो." मी आत गॅस बंद केला. चहा सरूबाईनं प्याला.

त्यानंतर तू नांदेडला बहिणीकडं गेलास, भाचीचा साखरपुडा होता. पाहुणा म्हणून गेलास आणि तिथंही अंगणातला नळ ठिबकताना बघून तुला बसवेना. बहीण नको नको म्हणत होती, तरी शेजारून पाना मागून आणलास, वायसर बदललास, नळ बंद करून बघितलास. "आता बघ," म्हणालास तिला, आणि तिथंच ओट्यावर टेकलास. पुन्हा उठला नाहीस. तुझ्या रमानं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. ती म्हणाली, "त्यो नळ काय गळंना अक्का आता. नणंद सांगत हुती."

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली तुझा फोटो, साखरपुड्यासाठी घेतलेला नवा शर्ट घातलेला, हसणारा. बाजूला तुझी पिशवी, तिच्यातून पान्याचं टोक बाहेर. आणि तुझा फोन. तो सारखा वाजत होता. मी रमाला म्हटलं, "बंद कर की गं तो, किती त्रास." ती म्हणाली, "कसा करू? लोकांचं कोरडं हाय."

मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. जायच्या आधीच्या आठवड्यात तू गावभर कामं केली होतीस, आणि ती सगळी कोरडी होती. कुणाच्या भागात पाणी आलं की लोक फोन करत होते, गौतमभाऊ हात लावायला कधी येणार. काहींना माहीतच नव्हतं. रमा त्यांना सांगायची, ते गेले. मग ती म्हणायची, तुमीच हात लावून बघा आन् मला कळवा.

"अजून एकबी गळला न्हाई," रमा म्हणाली. आणि मग माझ्याकडं नीट बघून, "तुमचा तेवढा राहिलाय. तुमच्याकडं पानी आलं की सांगा. मी वाट बघते."

गौतम, तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्या दिवसापासून मी नीट झोपले नाही. आमच्या भागाची पाळी शेवटी. त्यात मोठी लाईन कुठंतरी फुटली आणि पाणी आणखी लांबलं. मेसच्या धंद्यात पाणी लांबलं की मी एरवी महापालिकेच्या नावानं शंख करते. ह्या वेळेला मी मनातून म्हणत होते, पाण्या, येऊ नको. टँकर मागवीन, पण तू येऊ नको. कारण जोवर पाणी आलं नाही तोवर तुझा सांधा गळाला नव्हता. आणि खरं सांगू, जोवर पाणी आलं नाही तोवर तू यायचा बाकी होतास. बोललाच होतास तसं.

रोज एकदा मी फळी उचलून बघायचे. सफेदा वाळून टणक झाला होता, आणि त्यावर तुझा अंगठा उमटलेला. रेषान् रेष. शेवटचा दाब देऊन तू हात काढलास तो तसाच. सरूबाईनं तो बघितला आणि पदर तोंडाला लावला. तेव्हापासून ती फळीकडं पाठ करत नाही. मला तर दुपारी ऐकूही यायचं. जेवणं आटोपली, पोरी वर गेल्या, की स्वयंपाकघरातून टक, टक, टक. पान्याचं मागचं टोक. एकदा मी हातातलं टाकून धावत गेले. कुकर निवताना त्याची शिट्टी झाकणावर वाजत होती. दुसऱ्या वेळेला धावले नाही, बाहेर बसूनच ऐकलं. ते काय होतं हे मला आजही माहीत नाही, आणि मला बघायचंही नव्हतं.

बिरादार वहिनींना माझी काळजी. त्यांनी परस्पर एक प्लंबर पाठवून दिला. टापटीप माणूस, टी-शर्टवर दुकानाचं नाव, वेळेवर आला, बोलायला बरा. फळी उचलून खाली टॉर्च मारली आणि हसला. "सुतळी? आजकाल कोण लावतं मॅडम सुतळी? हे गळणार. पाणी आलं की शंभर टक्के गळणार. आत्ताच कापून प्लास्टिकची लाईन टाकू, आजच्या आज बुजवून देतो." त्यानं कापायचं ब्लेड काढलंसुद्धा. त्याचं काही चुकत नव्हतं. तू हयात असतास तर मीच कदाचित हो म्हणाले असते, तुला चिडवायला. पण तो खाली वाकला आणि त्याचा हात त्या अंगठ्यापाशी गेला, आणि मी ओरडले, "हात नको लावू." तो दचकला. मी त्याला चहा पाजला, आल्याबद्दल पैसे दिले आणि वाटेला लावलं. जाताना म्हणाला, "फोन करालच तुम्ही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

गळाला तर काय करायचं, हे मी ठरवत बसले. माणूस बोलावता येईल, फरशी पुन्हा फोडता येईल, त्याची भीती नव्हती. रमाला काय सांगायचं? एकबी गळला न्हाई, असं ती लोकांना सांगत होती. तेवढं एक तिच्याकडं उरलं होतं. मी खोटं बोलले तर तिला कळणार नव्हतं. पण तुला माहीत झालं असतं. तू माझ्या सगळ्या सबबी ओळखायचास, आणि ह्या घरात तू कुठं बसलेला आहेस हे आता सरूबाईलाही माहीत आहे.

पाणी आलं ते भर दुपारी. मी तांदूळ निवडायला बसले होते. अंगणातला नळ फुरफुरला. एरवी त्या आवाजानं मी पळत सुटते, मोटार, हौदाचं झाकण, बादल्या. त्या दिवशी पाय उचलेनात. सरूबाईच म्हणाली, "अक्का, आलं." मग मी उठले, आणि सवयीनं आधी फाटकाकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी मी जरा थांबले, फटफटी ऐकू येते का ते बघत. हे मी तुला सांगणार नव्हते, पण सांगते.

आत येऊन फळी बाजूला केली आणि खड्ड्याशेजारी मांडी घालून बसले. पाईपात वारा सळसळला, पाईप थरथरला, आणि पाणी आत शिरल्याचा आवाज आला. सांधा कोरडा. मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात सफेद्याच्या कडेला, आट्यांच्या तोंडाशी, एक थेंब आला. वाढला. मातीत पडला. दुसरा आला.

मी "गौतम" म्हणाले. मोठ्यानं. रागानं का कशानं मला माहीत नाही. सरूबाई म्हणाली, "अक्का, त्या नव्या प्लंबरला फोन लावू का?" माझ्या हातात फोन होता. पुढचा थेंब पडला. मला तुझी ती सबब आठवली, पैल्या पान्याला पाझरती, मग पिती, तेवढी कळ काडाया पायजे. आयुष्यात मी कशाचीच कळ काढलेली नाही, तुला ते चांगलं ठाऊक होतं. पण मी बसून राहिले. सरूबाईही येऊन बसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा खड्ड्याच्या इतक्या जवळ. आम्ही दोघी थेंबाकडं बघत होतो. तो यायचा, लोंबायचा, पडायचा. मग नुसता लोंबायला लागला. मग लोंबला तो पडेनाच. हौदात धार पडल्याचा आवाज येत होता, बाहेर वहिनींच्या बादल्या वाजत होत्या, आणि तो एक थेंब तिथंच थांबला होता. मी पदराच्या टोकानं तो टिपला. पुन्हा आला नाही. वाट बघितली, नाहीच आला.

"पेली," सरूबाई म्हणाली.

मग हात लावायचा होता. मी उजवा अंगठा त्या उमटलेल्या अंगठ्यावर ठेवला तर तो बसेना, कललेला. डावा ठेवला. बसला. वाळलेला सफेदा गार होता आणि खालून पाईपात पाणी पळत होतं, ते अंगठ्याला कळत होतं. तू डोळे का मिटायचास ते मला तेव्हा समजलं. बराच वेळ मी हात काढला नाही. मग उजेडात धरून तळवा बघितला, कोरडा होता. अंगणात जाऊन ओंजळभर प्याले. आणि मग मला रडू आलं, तिथंच नळाशी, पाणी वाहून चाललेलं असताना. लातुरात कुणी असं पाणी वाहू देत नाही. तू बघितलं असतंस तर बोलला असतास.

रमाला फोन लावायचा तर मी चुकून नेहमीच्या सवयीनं 'गौतम नळ' लावला. तुझाच फोन तिनं उचलला.

"पाणी आलं, रमा. सांधा कोरडा आहे," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "आदी पाझरलं का?"

"पाझरलं जरा. मग थांबलं."

"हां. तसंच सांगायचे ते." मग म्हणाली, "आता कुणाचं राहिलं न्हाई अक्का. मी हा फोन बंद करून ठिवते."

मला म्हणायचं होतं, नको, राहू दे, चालू राहू दे. पण ते मी कुठल्या तोंडानं म्हणू? म्हटलं, ठेव बाई, आता विसावा घे. तुझा नंबर मी नंतर एकदा लावून बघितला. फोनातली बाई सांगते, बंद आहे.

उद्या गवंडी येतो आहे. पोरींचे पालक यायला लागलेत, खड्डा ठेवता येणार नाही. पण मी त्याला बजावून सांगितलंय, की बाजूची फरशी पक्की कर, सांध्यावरचीला सिमेंट लावू नको, नुसती ठेव. तो म्हणाला, "अक्का, ती हलणार. पाय पडला की टक वाजणार." मी म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "मग कशाला ठेवता?"

मी त्याला सांगितलं, पाण्याच्या दिवशी हात लावावा लागतो.